कराची किती दशम्यांवर

आमच्या लोणखेड्याच्या घरात मैल आणि कोस कुणी मोजत नसे. वाट मोजायची ती दशमीने. दुधात पीठ भिजवून थापलेली ही भाकरी प्रवासात दोन-तीन दिवस टिकते, म्हणून गाडी जुंपली की फडक्यात तीच बांधून द्यायची. वाटेत एकदा फडकं सोडावं लागलं तर ते गाव एका दशमीचं, दोनदा सोडावं लागलं तर दोन दशम्यांचं. माझं माहेर कोरीट, तापीच्या पलीकडचं. ते दोन दशम्यांवर होतं आणि बैल नवे असले तर दीड.

घरातल्या लेकींसाठी माझ्या सासूबाईंचा एक कायदा होता. त्यांचं नाव दगूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. इथल्या चुलीवरची दशमी जिथे चांगल्या चवीने पोचते तिथेच पोर द्यायची. दशमीला वास सुटला की सोयरीक संपली. असा कायदा का, हे मी नवी नवरी असताना विचारून पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी मला जात्यावर बसवलं. पुन्हा विचारलं नाही, पण कुतूहल काही गेलं नाही. मला लहानपणापासून ती खोडच आहे.

थोरल्या दोघी नणंदा शहाद्याच्या आसपासच पडल्या. राहिली धाकटी, जमना. एकोणीसशे अडतीस सालच्या माघात तिला मगनचं स्थळ आलं. मुलगा आमच्याच गुजर समाजातला, घर प्रकाशाकडचं, शेतीवाडी चांगली. पण हा धुळ्याला इंग्रजी शिकला, पुढे कुणाच्या तरी ओळखीने कराचीला गेला आणि तिथल्या विमानतळावर बिनतारी यंत्रावर कामाला लागला. सारंगखेड्याच्या यात्रेत जमनाने त्याला लांबून पाहिलं होतं. मुलगा पसंत आहे, हे तिने फक्त मला सांगितलं, आणि ते मी फक्त तिच्या भावाला सांगितलं. म्हणजे दुसऱ्या दिवशी घरभर झालं. तिचा भाऊ म्हणजे आमचे हे. आता म्हातारी झाले तरी त्यांचं नाव घ्यायला माझी जीभ उचलत नाही, तेव्हा हेच म्हणते.

मामंजींना स्थळ मनापासून आवडलं होतं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मुलगा कसा, घर कसं, देणंघेणं काय, यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कराची कितल्या दशम्यास्नी वाट शे?"

कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या घरातलं कुणी सुरतेच्या पुढे गेलेलं नव्हतं.

मग शाळेच्या मास्तरांकडून नकाशा आला. तो ओसरीवर पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार पायल्या ठेवल्या. आमच्या ह्यांनी दोरा घेतला. नंदुरबारहून सुरत, तिथून अहमदाबाद, मग मारवाडातून वळसा घेत सिंध आणि शेवटी कराची, असा तो आगगाडीच्या रेघेवरून फिरवला. दोरा लांबच लांब झाला. मामंजींना तो बघवेना. त्यांनी दुसरा दोरा घेऊन मुंबईपासून कराचीपर्यंत सरळ ताणला आणि म्हणाले, बघा, इतकंसंच आहे. आत्याबाईंनी विचारलं, दोऱ्याखाली हे निळं काय आहे. पाणी, असं त्यांनी सांगताच आत्याबाईंनी नकाशा बाजूला सारला आणि उठून गेल्या. पायली घरंगळली, मास्तरांच्या नकाशाला घडी पडली. एवढं रागावण्यासारखं त्या निळ्या रंगात काय होतं, ते मला कळलं नाही.

आगगाडीने गाडीबदल धरून चार दिवस तरी लागतील असा हिशोब निघाला. आत्याबाईंनी हिशोबावर विश्वास ठेवला नाही, दशमीवर ठेवला. त्यांनी एक दशमी केली, फडक्यात बांधली आणि आढ्याला टांगली. रोज सकाळी घरातली सगळी माणसं तिच्याखाली उभी राहायची, त्या एक तुकडा मोडून स्वतः खायच्या आणि फडकं पुन्हा बांधायच्या. पहिल्या दिवशी चांगली. दुसऱ्या दिवशी चांगली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं नाही, पण पाणी मागितलं. चौथ्या दिवशी फडकं सोडलं आणि तुकडा न मोडताच गुरांपुढे टाकला.

जमनाने त्या दिवशी इतकं जोरात ताक घुसळलं की रवीची दोरी तुटली. आईशी तिने बोलणं टाकलं. रात्री माझ्याजवळ येऊन ती रडली, म्हणाली, वहिनी, एका भाकरीवरून माझं आयुष्य ठरायचं का. मला तिची दया आली आणि आत्याबाईंचा संतापही आला. पण सुनेने बोलायचं ते किती आणि कुणासमोर, हे मी तोवर शिकले होते.

स्थळ गेलंच होतं. ते परत आणलं मामंजींनी. एका दुपारी जेवता जेवता ते म्हणाले की मुंबई आणि कराचीमध्ये टपालाचं विमान जातं. सकाळी उडालं की दुपारी पोचतं, मगनच्या चुलत्याने सांगितलं. आत्याबाई वाढत होत्या. त्यांचा हात थांबला. विमान पाण्यावरून कसं जातं, नदी ओलांडायला लागतो तसा उतार त्याला लागतो का, असं त्यांनी विचारलं. मामंजी म्हणाले, खाली पाणी असो की डोंगर, त्याला काय, ते वरून जातं.

आत्याबाईंनी तीच गोष्ट दोनदा विचारून घेतली. पाणी आडवं येत नाही ना? येत नाही. मग म्हणाल्या, कुणाच्या सांगण्यावर नाही, मी स्वतः मोजणार.

आता कराचीचं विमान लोणखेड्यात बसून मोजायचं कसं? पण त्याच सुमारास इंदूरकडून मुंबईला जाणारं एक विमान सुरू झालं होतं, आणि ते अधूनमधून आमच्या शिवाराच्या उगवतीकडून जायचं. गावातली पोरं त्याच्यामागे धावायची, म्हातारे हात जोडायचे. हे म्हणाले, ते काही कराचीचं नव्हे, पण जात तीच. एक बैलजोडी पाहिली की दुसरीची चाल कळते, तसं हेही कळेल.

आत्याबाईंनी चूल शेतात मांडली. खरंच मांडली. तीन दगड, तवा, परातीत दुधात भिजवलेलं पीठ, आणि जाळ घालायला मी. हे पाखरं राखायच्या माळ्यावर चढले. ठरलं असं की सातपुड्याच्या बाजूला विमान दिसलं की ह्यांनी हाक द्यायची, आत्याबाईंनी दशमी थापायला घ्यायची, आणि विमान तापीच्या अंगाला दिसेनासं झालं की पुन्हा हाक द्यायची. पहिल्या दिवशी विमान आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिजवलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून आम्ही दशम्या भाजून तिथेच खाल्ल्या. येणारे-जाणारे बांधावर थांबून विचारत, शेतात कसला स्वयंपाक? मी सांगत असे की विमान जेवायला येणार आहे.

तिसऱ्या दिवशी ते आलं. आधी भुंग्यासारखा आवाज आला, मग ह्यांची हाक आली. आत्याबाईंनी गोळा परातीत टाकला, थापला, तव्यावर घातला, पाणी फिरवलं, उलटला, पुन्हा उलटला. मी जाळ सारत होते आणि मान वर करून बघत होते. ते लहानसं विमान उन्हात चमकत गेलं, आणि त्यात माणसं बसलेली आहेत हा विचार मनात येताच माझ्या अंगावर काटा आला. वरून आम्ही दिसत असू का? चूल दिसत असेल का? मी एवढी गुंतले की जाळ विझायला आला. दशमी पुरती फुगली आणि आत्याबाईंनी ती तव्यावरून काढली, तोच ह्यांची दुसरी हाक आली.

तेवढीच वाट गाडीने जायला सकाळची दुपार होते. आमच्या ह्यांनी ती शंभरदा तुडवलेली. तेवढी वाट एक दशमी भाजेपर्यंत सरली. मग मास्तरांचे मैल, ह्यांची गाडीवाट आणि आत्याबाईंची दशमी यांचा मेळ घालायला मामंजी आणि हे संध्याकाळभर बसले. उत्तर निघालं, मुंबई ते कराची म्हणजे पन्नास-पंचावन्न दशम्या थापून भाजण्याइतका वेळ. तेवढ्या तर अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आम्ही भाजतोच. एका बैठकीत, कंबर धरेपर्यंत.

आत्याबाईंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. शेजारणीला बोलावून त्या सांगत होत्या की मी इकडे पहिली दशमी तव्यावर टाकली आणि जमना तिकडून निघाली, तर शेवटची उतरायच्या आत ती हजर. अखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, त्यांना आणायला घरचा मुराळी जातो. पुढच्या अखाजीला आमचा मुराळी विमानाने जाणार, हे गावभर झालं. आमच्या ह्यांना लोक विचारू लागले की विमानात बैलांसारखी वैरण लागते का. कराची कोरीटपेक्षा जवळ आली. मला हसू येत होतं. लोणखेड्याहून मुंबई गाठायची कशी, हे कुणीच मोजलं नव्हतं, आणि मी ते बोलले नाही, कारण जमना पुन्हा आईच्या शेजारी बसून पीठ मळत होती.

चैत्रात मगन सुटीवर आला आणि बोलणी पक्की करायला म्हणून आमच्याकडे आला. उंच, शिडशिडीत, बोलताना समोरच्याकडे नीट पाहणारा. ओसरी माणसांनी भरली. त्याला काय विचारू आणि काय नको असं सगळ्यांना झालं होतं. दाराआड मी आणि जमना. तो सांगत होता, विमान मुंबईहून उडालं की कराचीत त्याच्या कानाला लावलेल्या यंत्रात टकटक होते, आणि त्यावरून तो कागदावर लिहून घेतो की निघालं. वाटेत अहमदाबादला उतरतं, तेल घेतं. वारा समोरचा असला तर उशीर होतो. पावसाळ्यात मुंबईच्या मैदानात चिखल होतो, मग ते पुण्याहून ये-जा करतं. मीही कान देऊन ऐकत होते. दूरवरची टकटक ऐकून माणसाला अक्षरं कशी समजतात, हे मला त्याला विचारायचं होतं.

आत्याबाईंना टकटकीत रस नव्हता. त्या पदर सावरून सगळ्यांसमोर आल्या. तशी आमच्यात रीत नव्हती. म्हणाल्या, "बलावनं ऊनं ते मन्ही पोर कितला वखतमा येई?"

मामंजींनी घाईघाईने सांगून टाकलं की अर्ध्या दिवसात, विमानाने. माणसंही हो हो म्हणाली.  मगनने मात्र एकदा मामंजींकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे. नुसती मान हलवली असती तर काम झालं होतं. सुपारी तबकात तयार होती.

"मावशी, खरं सांगस," तो म्हणाला. "लांब शे. बलावनं ऊनं ते येळवर पोचाव नही."

मग त्याने समजावून सांगितलं. विमानात टपालाच्या थैल्या जातात, उरलेल्या जागेत एखाद-दुसरा साहेब किंवा शेठ. तो स्वतः रोज विमानाला हात लावतो, पण आजवर एकदाही त्यात बसलेला नाही आणि बसेल असं वाटत नाही. जमना येईल ती आगगाडीने, चार दिवस. नंदुरबारला उतरून तापी पार करायची ती वेगळी. तार मिळायला वेळ लागेल तो निराळाच. वर्षातून एकदा आणायची जबाबदारी माझी, म्हणाला. पण कुणी आजारी पडलं आणि तिला बोलावलं, तर ती पोचेपर्यंत होणारं होऊन गेलेलं असेल.

 मामंजींचं तोंड उतरलं. जमनाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मला त्या मगनचा असा राग आला, काय सांगू. एवढं खरं बोलून हा काय मिळवणार होता?

आत्याबाई खाली बसल्या. त्या बोलल्या ते फक्त मगनशी बोलल्या.

त्यांचं माहेर तापीच्या दुसऱ्या काठावर, प्रकाशाच्या अगदी समोर होतं. इकडे उभं राहिलं की तिकडच्या घरांची कौलं दिसायची. श्रावणात निरोप आला, आई शेवटच्या घटकेला आहे. त्या तशाच निघाल्या आणि काठावर पोचल्या, तर तापी दुथडी भरलेली. नथ्थू नावाचा भोई तिथे नाव चालवायचा. तो म्हणाला, आज नको, उद्या उतरेल. दुसऱ्या दिवशीही तो म्हणाला, उद्या. देवळातला पुजारी म्हणाला, उद्या. वाटसरू म्हणाले, उद्या. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. रडणाऱ्या बाईला धीर द्यावा म्हणून सगळे तसं म्हणत होते. त्या धर्मशाळेत राहिल्या आणि रोज पहाटे काठावर जाऊन पाणी बघत राहिल्या. पाणी उतरलं तेव्हा आईला जाऊन तीन दिवस झाले होते. चितेचा धूर त्यांनी इकडूनच पाहिला होता, पण ती चिता कुणाची, हे तेव्हा त्यांना कळलं नव्हतं.

हे मामंजींनाही असं पुरतं माहीत नसावं. ते जमिनीकडे बघत बसले होते. मला तो नकाशावरचा निळा रंग आठवला, आणि शेतात मी केलेल्या थट्टेची लाज वाटली.

"माले कोनी पहिलेच दिन सांगतं, तुले जावाले भेटाव नही," आत्याबाई म्हणाल्या, "ते मी काठवरथीन हात जोडी लेती. माय जित्ती व्हती तव्हय."

मग त्यांनी जमनाला बाहेर बोलावलं. जमना दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आत्याबाईंनी तिला विचारलं, "आयकं का? आते सांग. जाशी?"

एवढ्या माणसांत मुलीला असं कुणी विचारत नाही. जमनाने आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. पण "जासू" म्हणाली ती स्पष्ट म्हणाली, सगळ्यांना ऐकू गेलं.

आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने सुपारीचं तबक मगनपुढे सरकवलं. मामंजींनी हळूच विचारलं, अगं, पण तुझी दशमी? त्या म्हणाल्या, दशमी नासली की नासली म्हणून सांगते तरी. हा मुलगाही सांगतो. मग माझं काही म्हणणं नाही.

लग्न वैशाखात झालं, अखाजी उलटल्यावर. त्या अखाजीला जमना झोक्यावरून उतरायलाच तयार नव्हती. आत्याबाईंनी तिला एकाही कामाला हात लावू दिला नाही. सगळं मी केलं, आणि त्या वर्षी मी कुरकुर केली नाही.

निघायच्या सकाळी दारात गाडी जुंपून उभी होती. नंदुरबारची गाडी गाठायची म्हणून मगनची माणसं घाई करत होती. जमना देवाच्या पाया पडली, मामंजींच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडून रडली. शेवटी वाकून आईला नमस्कार केला. आत्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडावरून हात फिरवला. जमना वळून गाडीकडे चालू लागली.

"जमना," त्यांनी हाक मारली. जमना परत आली. "हाऊ नमस्कार आजना व्हयना. आखो एक कर."

जमनाला कळेना. मलाही कळलं नाही.

"तो तव्हयना," आत्याबाई म्हणाल्या. "तव्हय तुले येवाले भेटाव नही."

जमना उभी राहिली ती राहिलीच. मग ती खाली बसली, आईची दोन्ही पावलं हातात घेतली आणि त्यांवर कपाळ टेकलं. गाडीवाल्याने बैलांना हाकलं नाही. मगन जोडे काढून बाजूला उभा राहिला. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते, आणि जमना आपण होऊन उठेपर्यंत त्यांनी पाय हलवले नाहीत.